शालेय विद्यार्थी आदानप्रदान: अघटित घडल्यास पहिला फोन कोणाला करायचा?

मेघमल्हार

नमस्कार. मी पुण्यातील एका शाळेत जर्मन शिकवते. आमच्या शाळेचा जर्मनीतील एका शाळेबरोबर विद्यार्थी आदानप्रदानाचा उपक्रम आहे. नववीची मुले दोन आठवडे तिकडच्या विद्यार्थ्यांच्या घरी राहतात आणि काही महिन्यांनी तीच मुले पुण्यात येऊन आपल्या मुलांच्या घरी राहतात. या वर्षी उपक्रमाची सुरक्षा-नियमावली नव्याने लिहिण्याचे काम शाळेने माझ्याकडे सोपवले आहे. मसुदा व्यवस्थापनापुढे ठेवण्याआधी तो इथल्या जाणकारांच्या नजरेखालून जावा, यासाठी हा धागा काढला आहे.

अशा उपक्रमांच्या जितक्या फायली मला पाहायला मिळाल्या, त्यांत पारपत्राच्या प्रती, दोन्ही पालकांची संमतिपत्रे आणि विम्याची कागदपत्रे चोख लावलेली असतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचाच असल्यामुळे तो कोणी विसरत नाही. मात्र काही अघटित घडले तर कोणी काय करायचे, यासाठी बहुतेक फायलींत एकच ओळ असते: 'अडचण आल्यास सोबतच्या शिक्षकांशी संपर्क साधावा.' माझी सगळी चिंता या ओळीभोवती आहे.

चौदा वर्षांचा एक मुलगा परक्या घरात रात्री अकरा वाजता जागा आहे आणि त्या घरातल्या एका मोठ्या माणसाच्या वागण्याची त्याला भीती वाटते आहे, असे समजा. त्याने कोणाला सांगायचे? घरमालक त्याच्या मित्राचे वडील आहेत. सोबतच्या शिक्षिका तिकडच्या ज्या शिक्षिकेकडे उतरल्या आहेत, त्याच या उपक्रमाच्या संयोजक आहेत. आईवडिलांनी मोठा खर्च करून त्याला पाठवले आहे आणि पुण्यात तेव्हा उन्हाळ्याच्या हिशेबाने रात्रीचे अडीच वाजले आहेत. ही सगळी माणसे सज्जन असतील, तरी उपक्रम सुरळीत पार पडावा अशी त्यांतल्या प्रत्येकाची इच्छा आहे आणि मुलाला ती चांगलीच जाणवते. म्हणून तो गप्प बसतो. ज्या प्रौढ व्यक्तीचे उपक्रमाच्या यशापयशात काहीही गुंतलेले नाही, अशी निदान एक व्यक्ती प्रत्येक मुलाला नावानिशी माहीत असली पाहिजे आणि तिच्याशी थेट बोलता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बाकीचे नियम या नियमानंतर येतात.

आजारपण, अपघात, छळ, मुलाच्या हातून घडलेला गुन्हा आणि मुले परदेशात असताना उद्भवलेले सार्वजनिक संकट या सर्व प्रसंगांत निर्णय कोण घेणार, कोणत्या क्रमाने कळवले जाणार आणि काय लिहून ठेवले जाणार, हे आधी ठरलेले असावे असे मला वाटते. आपले अनुभव आणि माहिती असलेले नियम कृपया सविस्तर लिहावेत.

रानवारा

मेघमल्हारताई, विषय अतिशय निकडीचा आहे. माझी मुलगी रोटरीच्या युवा आदानप्रदान कार्यक्रमातून वर्षभरासाठी परदेशी गेली होती. तेव्हा हाती आलेल्या कागदांत तुम्ही म्हणता तशी तरतूद मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याला संपर्कांची जी यादी मिळते, तिच्यात रोटरीचे सदस्य नसलेल्या निदान दोन व्यक्तींची नावे असावी लागतात. त्यांपैकी एक स्त्री आणि एक पुरुष असावा, दोघे एकमेकांचे नातेवाईक नसावेत, आणि यजमान कुटुंबाशी किंवा क्लबने नेमलेल्या समुपदेशकाशी त्यांचे घनिष्ठ संबंध नसावेत, अशी अट आहे. समुपदेशकसुद्धा यजमान कुटुंबातला चालत नाही. गंभीर घटना घडल्यास किंवा छळाचा आरोप झाल्यास ७२ तासांच्या आत ते रोटरीच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला कळवावे लागते. पोलिसांकडे जाण्यासाठी मात्र या ७२ तासांची वाट पाहायची नसते. ती बाब तत्काळ करायची आणि संस्थेला कळवण्याचे काम निराळे, हा फरक आपल्याकडच्या मंडळींना मुद्दाम समजावून सांगावा लागतो.

माझ्या मुलीला तीन कुटुंबांकडे राहावे लागले. सुरुवातीला ती पद्धत आम्हाला गैरसोयीची वाटली. तिचा लाभ नंतर ध्यानात आला. घर बदलणे हा कार्यक्रमाचाच भाग असल्यामुळे एखाद्या घरातून निघण्यासाठी मुलीला कोणाविरुद्ध तक्रार सिद्ध करावी लागत नाही.

हडसनकाठ

मी अमेरिकेत राहतो आणि येथे जे-१ व्हिसावर येणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांसाठी स्थानिक समन्वयक म्हणून काम करतो. येथील संघराज्य सरकारचे नियम या चर्चेला उपयोगी पडतील.

यजमान कुटुंबातील १८ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. घरात राहणाऱ्या सर्वांची मुलाखत प्रत्यक्ष घरी जाऊन घेतली जाते. नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची शिफारस लागते, आणि विद्यार्थ्याची झोपण्याची खोली, स्नानगृह, स्वयंपाकघर यांची छायाचित्रे फायलीला जोडावी लागतात. समन्वयक विद्यार्थ्यापासून १२० मैलांच्या आत असला पाहिजे आणि दर महिन्याला त्याने विद्यार्थ्याशी व कुटुंबाशी बोलले पाहिजे. मेघमल्हार यांच्या मुद्द्याशी थेट जुळणारा नियम याच्या पुढचा आहे. ज्या समन्वयकाने कुटुंब निवडले, त्याच्याखेरीज दुसऱ्याच प्रतिनिधीने पहिल्या दोन महिन्यांत त्या घरी जाऊन पाहणी करायची असते. आपण निवडलेले घर चुकीचे निघाले हे मान्य करणे कोणालाही जड जाते. ते लक्षात घेऊनच हा नियम केलेला आहे.

हे नियम सुखासुखी आलेले नाहीत. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्क्रँटन येथे आदानप्रदानासाठी आलेली मुले अस्वच्छ घरांत, पुरेशा अन्नावाचून राहत असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर २०१० मध्ये परराष्ट्र खात्याने नियम कडक केले. आज त्या खात्याची स्वतःची चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा आहे आणि तिचा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असतो. विद्यार्थी संस्थेला वगळून थेट सरकारशी बोलू शकतो. लैंगिक अत्याचाराचा नुसता आरोप झाला, तरी संस्थेने तो खात्याला तत्काळ कळवायचा असतो. खरेखोटे ठरवण्याचे काम संस्थेचे नाही.

पूर्वतयारीच्या वर्गाविषयीही लिहितो. १७ ऑक्टोबर १९९२ रोजी लुइझियानातील बॅटन रूज येथे योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी यजमान कुटुंबातील मुलाबरोबर हॅलोविनच्या मेजवानीला निघाला होता. पत्ता चुकून दोघे भलत्याच घरी गेले आणि त्या घराच्या मालकाने त्याला गोळी घातली. फौजदारी खटल्यात तो मालक निर्दोष सुटला. योशिहिरोच्या आईवडिलांनी बंदुकांवर नियंत्रण यावे म्हणून जपानमध्ये लाखो सह्या गोळा केल्या. अमेरिकी विद्यार्थ्यांना जपानमध्ये शिकायला येता यावे यासाठी मुलाच्या स्मरणार्थ निधीही उभारला. १८ मे २०१८ रोजी टेक्सासमधील सांता फे हायस्कूलमध्ये झालेल्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्यांत काही आठवड्यांत घरी परतणार असलेली एक पाकिस्तानी विद्यार्थिनी होती. ती अमेरिकी सरकारच्या ज्या 'यस' शिष्यवृत्तीवर आली होती, त्याच शिष्यवृत्तीवर भारतातूनही मुले येतात. परक्या देशात कोणत्या प्रकारचा धोका संभवतो, तो मुलांपासून दडवून ठेवू नये. अनोळखी अंगणात शिरू नये, पोलिसांनी थांबवल्यास हात दिसतील असे ठेवावेत, शाळेत गोळीबाराचा सराव होईल तेव्हा काय करायचे, हे मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगतो. मुले घाबरत नाहीत. कोणीतरी आपल्याशी खरे बोलले, याचे त्यांना बरे वाटते.

खडू_फळा

मी अनेक वर्षे मुख्याध्यापक होतो. चर्चेमागची तळमळ मला समजते, तथापि दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आपल्याकडे यजमान कुटुंबे मिळवणे आधीच कठीण असते. त्यांच्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, घराची छायाचित्रे मागितली, तर निम्मी कुटुंबे माघार घेतील आणि अखेरीस ज्या मुलांना जग पाहण्याची दुसरी संधी नाही, त्यांचेच नुकसान होईल. तसेच, किशोरवयीन मुलांचे गैरसमज होतात, घरची आठवण येते म्हणून मुले तक्रारी करतात. प्रत्येक तक्रार थेट पोलिसांपर्यंत नेण्याऐवजी शाळेने आधी शांतपणे चौकशी करावी आणि तथ्य आढळल्यास पुढे जावे, हा मार्ग मला अधिक विवेकाचा वाटतो.

न्यायपंथ

खडू_फळा सर, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. आपण सुचवलेला मार्ग कायद्याने बंद केलेला आहे. मी वकील आहे आणि बालकांसंबंधीची प्रकरणे चालवतो.

पॉक्सो कायदा, २०१२ म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा. तो भारतात असलेल्या १८ वर्षांखालील प्रत्येक बालकाला लागू होतो. बालक जर्मनीचे आहे की जपानचे, याने फरक पडत नाही. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या, कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला त्याच कलम १९ मध्ये संरक्षणही आहे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि माहिती पोलिसांना न दिल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. 'आधी अंतर्गत चौकशी' करण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात पुरावा नाहीसा होतो, बालकावर दबाव येतो आणि संस्थेचे पदाधिकारी स्वतः आरोपी होऊ शकतात. शाळेला कुजबुज आणि गुन्ह्याची माहिती यांत फरक करावा लागेल, हे मान्य. पण तो फरक करण्यासाठी बालकाची उलटतपासणी घेऊ नये. बालक जे सांगेल, ते त्याच्याच शब्दांत, वेळ व तारीख घालून एकदा लिहून घ्यावे आणि पोलिसांना कळवावे.

परदेशी पाहुण्या बालकाच्या बाबतीत या कायद्यातील काही तरतुदी विशेष मोलाच्या आहेत. कलम २४ नुसार जबाब बालकाच्या राहत्या ठिकाणी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक वा त्याहून वरच्या पदावरील महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवायचा असतो. आता आरोप यजमान घरातल्याच व्यक्तीवर असेल, तर 'राहते ठिकाण' म्हणजे तेच घर होऊन बसेल. म्हणून बालकाला त्या क्षणी दुसरीकडे हलवण्यासाठी एक राखीव घर आधीच ठरलेले असले पाहिजे. कलम २६ नुसार दुभाष्याची मदत घेता येते. तो दुभाषी उपक्रमातील शिक्षिका नसावी, असा माझा आग्रह आहे, कारण तिने सगळ्यांनाच ओळखलेले असते. कलम २७ नुसार वैद्यकीय तपासणी पालकाच्या किंवा बालकाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत व्हावी लागते. पालक हजारो मैल दूर असताना ही विश्वासाची व्यक्ती कोण, याचे उत्तर बालकाने घरून निघण्यापूर्वी लिहून दिलेले असावे. आणि कलम २३ मुळे बालकाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर 'अमुक शाळेतून आलेल्या मुलीच्या बाबतीत' अशी सुरुवात होते, तिथेच हा भंग होतो.

दूतावासाला कळवण्याविषयीही गैरसमज आहेत. १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत-संबंध कराराच्या कलम ३६ मध्ये अटक झालेल्या परदेशी व्यक्तीच्या हक्कांची तरतूद आहे, हे अनेकांना माहीत असते. कलम ३७ त्या मानाने कमी वाचले जाते. परदेशी नागरिकाचा मृत्यू झाल्यास, तसेच परदेशी अल्पवयीन मुलासाठी पालक नेमण्याची गरज दिसल्यास, त्याच्या देशाच्या वाणिज्यदूतावासाला विनाविलंब कळवण्याचे कर्तव्य त्या कलमात सांगितले आहे. भारत १९७७ पासून या कराराचा सदस्य आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: सहल पुण्याबाहेर असताना काही घडले, तर हद्दीच्या कारणावरून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. 'झिरो एफआयआर'ची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे.

मेघमल्हार

न्यायपंथजी, राखीव घर आणि विश्वासाची व्यक्ती या दोन्ही बाबी मसुद्यात नव्हत्या. दोन्ही घालत आहे.

खडू_फळा सर, यजमान कुटुंबे माघार घेतील ही भीती मलाही आहे. तरीही दाखला मागितल्यावर जे कुटुंब माघार घेते, त्या घरी दुसऱ्याचे मूल पाठवण्याची जबाबदारी मी घेऊ शकणार नाही. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आता ऑनलाइन अर्ज करून मिळतो. खर्च शाळेने उचलावा, म्हणजे अडचण निम्मी होईल. हे करताना शाळेने कुटुंबांशी बोलावे कसे, यावर तुमच्या अनुभवाचा मला फार उपयोग होईल.

वाळवंटी_औषध

मी बालरोगतज्ज्ञ आहे. छळाच्या घटना सर्वांत गंभीर, पण सर्वाधिक वेळा फोन येतो तो आजार आणि अपघातासाठी. युरोपातून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपल्या यजमान कुटुंबांना एका गोष्टीचे गांभीर्य कळत नाही, म्हणून तीच सविस्तर लिहिते.

सोसायटीच्या फाटकाजवळ कुत्र्याने पोटरीला ओरबाडले आणि थोडे रक्त आले. आपल्या घरांत हळद लावून 'उद्या बघू' म्हणण्याची सवय असते. जर्मनीत श्वापदांमधला रेबीज २००८ पासून नाहीसा झाला आहे, त्यामुळे त्या मुलाला स्वतःला धोक्याची जाणीवच नसते आणि बहुधा तो कोणाला सांगतही नाही. अशा वेळी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रक्त आले असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम ठरते आणि लसीबरोबर जखमेत व जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. ते कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, याची चौकशी मुले येण्यापूर्वी करून ठेवावी. स्नायूत देण्याच्या लसीचे वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवसाचे असते. दोन आठवड्यांच्या मुक्कामात ते पूर्ण होत नाही. उरलेल्या मात्रा मुलाच्या गावी द्याव्या लागतात. म्हणून लसीचे नाव, बॅच क्रमांक, दिलेल्या तारखा आणि इम्युनोग्लोब्युलिनचे प्रमाण इंग्रजीत लिहिलेला कागद मुलाच्या हातात आणि ईमेलने पालकांकडे, दोन्हीकडे गेला पाहिजे.

संमतीविषयी: जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार डॉक्टर पालकांची वाट न पाहता करतात. प्रश्न येतो तो हाड मोडणे किंवा अपेंडिक्ससारख्या, काही तास हातात असलेल्या प्रसंगी. पालकांनी आधी सही केलेले उपचार-संमतिपत्र असावे आणि त्यात कोणत्या शिक्षकाने रुग्णालयाशी बोलायचे ते नाव घालून लिहिलेले असावे. ऍलर्जी, नेहमीची औषधे, यापूर्वीचे मानसिक आजार ही माहिती बंद पाकिटात नको. रात्री ते पाकीट ज्या कपाटात असते, त्याची किल्ली हमखास दुसऱ्याकडे असते.

खानदेशकन्या

मी जळगाव जिल्ह्यातली आहे. येथे चर्चा शालेय मुलांची आहे, तरी परदेशी शिकणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांबद्दल लिहू इच्छिते, कारण ४ जून २०२४ ची घटना आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. रशियातील वेलिकी नोवगोरोद येथे वैद्यकीय शिक्षण घेणारी चार भारतीय मुले, त्यांत आमच्या जिल्ह्यातलीही, वोल्खोव नदीत बुडून गेली. त्यांच्यासोबतचे पाचवे वाचले.

जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या पाच वर्षांत परदेशांत ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यांत सर्वाधिक, १७२, कॅनडात होते. हल्ल्यांमध्ये गेलेले १९ होते. म्हणजे ज्या भीतीने पालक झोपत नाहीत, ती हल्ल्याची भीती. प्रत्यक्षात आजार, अपघात आणि इतर कारणांनी गेलेली मुले कितीतरी अधिक आहेत. पोहणे, रस्ता, थंडी, एकटेपण यांबद्दल विमानतळावर कोणी बोलत नाही.

दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर घरच्यांना कागदांचा डोंगर चढावा लागतो. स्थानिक पोलिसांची परवानगी, मृत्यूचा दाखला आणि त्याचे भाषांतर, शवलेपनाचे प्रमाणपत्र, दूतावासाने रद्द केलेले पारपत्र, दूतावासाचे ना-हरकत पत्र, आणि इकडच्या विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी. ज्यांनी आयुष्यात कधी पारपत्र पाहिलेले नाही, अशा आईवडिलांकडून ही अपेक्षा केली जाते. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि २००९ पासून भारतीय दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजू कुटुंबांसाठी पार्थिव आणण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. अनेक कुटुंबांना हे कळेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात.

मेघमल्हारताई, तुमच्या नियमावलीत एक गोष्ट जरूर घाला. वाईट बातमी घरी कोण सांगणार, ते एकाच व्यक्तीवर सोपवा. शक्य असेल तिथे ती व्यक्ती प्रत्यक्ष घरी जाऊ दे. आमच्याकडे लोकांना बातमी टीव्हीच्या पट्टीवरून आणि व्हॉट्सअॅपवरून आधी मिळते, घरच्यांना नंतर. सोबतच्या इतर मुलांचे फोन काढून घेणे हा उपाय नव्हे. त्यांना आपापल्या घरी 'मी ठीक आहे' एवढे सांगू द्यावे आणि बाकी काही तास कोणी काही पाठवू नये, हे निघण्यापूर्वी त्यांच्याशी बोलून ठरवावे.

दक्षिणध्रुव

मेलबर्नहून लिहीत आहे. येथे २००९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ३१ मे रोजी विद्यार्थ्यांनी मोठा मोर्चा काढला, तेव्हा मी येथेच शिकत होतो. हल्ल्यांइतकाच राग या गोष्टीचा होता की तक्रार घेऊन गेल्यावर महाविद्यालय पोलिसांकडे बोट दाखवत असे आणि पोलीस 'रात्री उशिरा एकटे फिरू नका' असे सांगत. ऐकून घेणारे कोणीच नव्हते. २०११ मध्ये खाजगी संस्थांतील परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र लोकपाल आला. विद्यार्थी संस्थेविरुद्ध थेट, विनाशुल्क तेथे जाऊ शकतो.

शालेय विद्यार्थ्यांसाठी येथील २०१८ च्या राष्ट्रीय संहितेतील पाचवे मानक वाचण्यासारखे आहे. १८ वर्षांखालील विद्यार्थ्याच्या निवासाची जबाबदारी शाळेने घेतली असेल, तर मंजुरीपूर्वी आणि त्यानंतर निदान दर सहा महिन्यांनी निवास योग्य असल्याची खात्री शाळेला करावी लागते. छळ झाल्यास कोणाकडे जायचे, याची माहिती विद्यार्थ्याला त्याच्या वयाला व संस्कृतीला रुचेल अशा रीतीने द्यावी लागते. सहावे मानक प्रत्येक संस्थेला गंभीर प्रसंगांसाठी लेखी धोरण ठेवायला लावते.

गोमंतक_७

एक छोटी पण कायम राहून जाणारी बाब. परदेशी मूल घरी उतरले की यजमानाने २४ तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती देणारा, 'फॉर्म सी' म्हणून ओळखला जाणारा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. हे हॉटेलांपुरतेच आहे असा घरोघरी समज आहे. खाजगी घरांनाही ते लागू आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या जुन्या कायद्याची जागा नव्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याने घेतली असून त्यातही निवास देणाऱ्यांवर, शिक्षणसंस्थांवर आणि रुग्णालयांवर माहिती देण्याची जबाबदारी आहे. अपघात झाल्यावर पोलीस सर्वांत आधी हा फॉर्म मागतात. तो भरलेला नसेल, तर घाबरलेले कुटुंब रुग्णालयात जायलाच उशीर करते, हा मी जवळून पाहिलेला प्रकार आहे.

खडू_फळा

न्यायपंथजी, कलम १९ चे आपले म्हणणे मान्य आहे. यजमान कुटुंबांविषयी मेघमल्हार यांनी विचारले आहे म्हणून सांगतो. दाखला संशयाच्या सुरात मागितला, तर लोक दुखावतात. पालकसभेत सर्वांसमोर, मुख्याध्यापकांनी स्वतःचा दाखला आधी टेबलावर ठेवून मागितला, तर कोणी तक्रार करत नाही. सोबत जाणाऱ्या शिक्षकांचे दाखलेही त्याच वेळी लावावेत. पाण्याजवळच्या सहलींबाबत मात्र मी तुमच्याहूनही कडक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून समुद्र, धरण, धबधबा हे शब्द माझ्या सहलीच्या अर्जात आले नाहीत. पाहुण्या मुलांना कोकण दाखवण्याचा उत्साह यजमान पालकांना फार असतो. शनिवार-रविवारच्या खाजगी सहलींनाही शाळेची लेखी परवानगी सक्तीची करा.

नेकारकाठ

जर्मनीतील श्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून तिकडच्या बाजूने लिहितो. येथे पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११२ हे क्रमांक आहेत. बालकल्याणाचे काम प्रत्येक ठिकाणचे 'युगेंडआम्ट' पाहते. मुलांसाठी ११६१११ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे, पण ती सोमवार ते शनिवार दुपारी २ ते रात्री ८ एवढीच चालते. म्हणजे मेघमल्हार यांच्या उदाहरणातील रात्री अकरा वाजता ती बंद असेल. भारताच्या १०९८ या बालमदत क्रमांकाप्रमाणे ती चोवीस तास चालते, असे कोणी गृहीत धरू नये.

मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी येथे 'विस्तारित' चारित्र्य दाखला असतो. शालेय आदानप्रदानातल्या यजमान कुटुंबांकडून तो सर्रास मागितला जात नाही. तुमच्या भागीदार शाळेला ते लेखी विचारा.

बाहेरच्या व्यक्तीसाठी एक सूचना. जर्मनीच्या मोठ्या शहरांत मराठी मंडळे आहेत. ज्याचा त्या शाळेशी संबंध नाही अशी एखादी मराठी बोलणारी स्त्री आणि एक पुरुष, दोघांचेही दाखले तपासून, नेमता येतील. घाबरलेले मूल रात्री अकरा वाजता जर्मनमध्ये वाक्ये जुळवू शकत नाही.

मेघमल्हार

नेकारकाठ, ही सूचना तातडीने स्वीकारते. सर्वांचे मुद्दे घेऊन मसुदा बदलला आहे.

प्रत्येक मुलाच्या खिशात एक कार्ड असेल. त्यावर बाहेरच्या दोन व्यक्तींची नावे व क्रमांक पहिल्या ओळीत, त्या देशाचे आपत्कालीन क्रमांक दुसऱ्या ओळीत आणि सोबतच्या शिक्षिकेचा क्रमांक त्यानंतर असेल. हा क्रम मी मुद्दाम उलटा केला आहे आणि व्यवस्थापनाने विचारले तर त्याचे कारण सांगणार आहे. 'मला या घरात राहायचे नाही' एवढे वाक्य घर बदलण्यासाठी पुरेसे असेल. त्या रात्री कारण विचारले जाणार नाही. प्रत्येक बाजूला एक राखीव घर रिकामे ठेवले जाईल. यजमान घराची दुसरी पाहणी ज्यांनी घर निवडले नाही ते करतील. गंभीर घटनेत पालकांशी बोलणारी व्यक्ती एकच असेल आणि तिचे नाव निघण्यापूर्वी सर्व पालकांना कळवलेले असेल. पहिल्या फोनपासून प्रत्येक कृतीची वेळ दोन्ही देशांच्या घड्याळांनुसार लिहिली जाईल.

एक प्रश्न उरतो. मुलांचे फोन बहुतेक वेळा यजमानांच्या वायफायवर चालतात. इकडचे सिम तिकडे बंद असते. वायफाय बंद झाले किंवा केले गेले, तर कार्डावरचे क्रमांक निरुपयोगी ठरतात. यावर काय करता येईल?

हडसनकाठ

येथे आम्ही पहिल्याच दिवशी स्थानिक सिम देतो आणि समन्वयकासमोर विद्यार्थ्याला कार्डावरच्या प्रत्येक क्रमांकावर एकदा फोन करायला लावतो. पलीकडची व्यक्ती फोन उचलते, नाव सांगते, दोन मिनिटे बोलते. ज्या आवाजाशी एकदा बोलणे झाले आहे, त्याला रात्री फोन करण्याचा संकोच मुलांना कमी वाटतो. सिमचे पैसे कार्यक्रमाच्या शुल्कातच धरा. पालकांवर सोडले, तर निम्मी मुले सिमशिवाय येतात.

मेघमल्हार

सिमचा खर्च शुल्कात धरते आणि हा चाचणी-फोन उतरल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळच्या कार्यक्रमात घालते. पुण्यात येणाऱ्या जर्मन मुलांसाठीही हेच करायचे, तर परदेशी पारपत्रावर स्थानिक सिम मिळायला कागदपत्रे लागतील. त्यासाठी पहिला अर्धा दिवस मोकळा ठेवावा लागेल. भागीदार शाळेला आज रात्री तसे लिहिते.